कसाचा बार

"नले, वाटताना गाणं नको म्हणू. दारूले कान असतात."

तो आवाज आता या जगात नाही. आवाजाचा माणूस आहे. बाहेरच्या खोलीत बाजेवर बसला आहे, भिंतीकडं तोंड करून. पण तो आवाज, भात्यासारखा आधी पोटात फुगून येणारा आणि मग हसण्यात सुटणारा, तो आंजी गावच्या अंगणातच राहून गेला. नलूला तो कधीही ऐकू येतो. पोळी लाटताना, दोरीवरचं धुणं काढताना. निंबाखाली काळा पाटा, पाट्यावर सोरा, गंधक आणि कोळसा यांचा ओला गोळा, वरवंट्याखाली तो पसरतो, गोळा होतो, पुन्हा पसरतो. बंदुकीची दारू ओलीच वाटायची. कोरडीला दगडाची ठिणगी पुरे. नलूची नखं बाराही महिने काळी असत आणि आई धुरपता तिकडं ओसरीत जात्यावर गात असे:

बाप तुझा गं लोहार, भाता त्याचा घाली वारा
लेकीच्या वाटेवरचा निववितो गं निखारा

ओवी ऐकली की नलूच्या ओठांवर तिची दुसरी ओळ आपोआप यायची आणि तेवढ्यात बाबांचा आवाज यायचा, दारूले कान असतात. गाण्यात हात रमतो, रमलेला हात घाई करतो, असं त्यांना म्हणायचं असणार. पण ते सरळ कधी म्हणत नसत. त्या घरात दोन दगड होते, एक गाण्याचा आणि एक मुक्याचा. आई गेली तेव्हा गाण्याचा दगड थांबला. मुक्याचा नलूजवळ राहिला. वर्ध्याला लग्न होऊन आली तेव्हा पाटा मागेच सुटला, पण मुकेपण बरोबर आलं, हळदीच्या लुगड्यासारखं, घडी न मोडता.

आज सकाळी प्रभाकरराव मालधक्क्यावरच्या आपल्या कचेरीत गेले आणि ती चहासाठी स्टोव्ह पेटवायला बसली. काडी ओढली. काडीचा तो पहिला वास, गंधकाचा, तिला अजून छातीत लागतो. आणि तेवढ्यात खाली गल्लीत कुणीतरी विचारलं, "पुंडलिक मिस्त्री इथंच राह्यतेत काय जी?" काडी बोटापर्यंत जळत आली तरी नलूनं ती टाकली नाही. या गल्लीत बाबांना कुणी मिस्त्री म्हणत नव्हतं. ते प्रभाकररावांचे सासरे होते, वरच्या खोलीतले म्हातारबाबा होते. अकरा वर्षांत तो शब्द कुणी उच्चारला नव्हता, आणि आता तो जिन्यावर पाऊल टाकत वर येत होता. बाहेरच्या खोलीत बाजेची सुंभं करकरली. बाबा उठले नव्हते. बसल्या जागी ताठ झाले होते. नलूला स्वयंपाकाच्या खोलीतून ते दिसत नव्हतं, पण या दोन खोल्यांत न पाहता दिसायचं. पत्र्याचं छप्पर, मधे अर्धी भिंत, आणि एकच खिडकी. तिच्यासमोर जिनिंगच्या गोदामाची आंधळी भिंत, हात लांब केला तर लागेल इतकी जवळ. खिडकीतून उजेड येत नसे, कापसाचे तंतू येत. बाबा दिवसभर त्या भिंतीकडं पाहत. तिच्यावर काय आहे, असं तिनं एकदा विचारलं तर म्हणाले, "काईच नाई. म्हून तर बरं."

वर आलेला माणूस उंबऱ्याबाहेर चपला काढत होता. खांद्यावर घोंगडीत गुंडाळलेलं काहीतरी लांबट. उजवा डोळा उकडलेल्या अंड्यासारखा पांढरा. "नलूबाईच ना? पोरी, तू तं मायसारखी दिसाले लागली." नलूनं पदर डोक्यावर घेतला. तानबादादा. आंजीच्या शिवारात चार एकर काळी वाहणारा तानबा. आंजीत तो त्यांच्या अंगणात निंबाखाली बसायचा, उंबऱ्याच्या आत त्यानं कधी पाऊल टाकलं नव्हतं, टाकावं असं कुणी म्हटलंही नव्हतं. आज तो सरळ आत आला, प्रभाकररावांच्या खुर्चीवर बसला आणि घोंगडी मांडीवर आडवी घेतली. सहज बसला, जणू खुर्ची त्याचीच होती आणि इतके दिवस इथं ठेवायला दिली होती.

"रामराम घालत नाई बरं का आता," तो हसून म्हणाला. "जयभीम, मिस्त्री. मागच्या दसऱ्याले नागपूरले गेलतो आमी सारे. दीक्षा घेतली."

"ऐकलं," बाबा भिंतीला म्हणाले.

"माह्यावाला राहू द्या, यशोदेचा जयभीम तरी घ्या. तिनंच धाडलं मले. कापसाची बंडी बाजारात सोडली, बैलं चारा खाऊन राह्यले. दोन वाजता निघाले पाह्यजे परत." आणि मग, घोंगडीवर हात ठेवून, आवाज जरा उतरवून, "ही बी बंडीतच आणली. कापसाखाली निजवून. लेकरासारखी."

नलूनं चहा गाळला. घोंगडीत काय आहे हे तिला कळलं होतं. लांबी बोलत होती.

चहा ठेवून ती परत अर्ध्या भिंतीआड गेली. बसली. तिथं बसलं की बाहेरचं सगळं ऐकू येतं आणि आपण कुणाला दिसत नाही. संसारातली तिची जागाच ती होती. बाहेर घोंगडी उलगडल्याचा आवाज झाला. मग तानबाचं बोलणं, घाईघाईचं, पाठ करून आलेलं. बंदूक जुनी आहे, ठासणीचीच, हिंगणघाटाकडच्या एका म्हाताऱ्याची. लायसनचा कागद आता तानबाच्या नावावर झाला आहे, पिकाच्या राखणीचा. पण घरात आणून तीन महिने झाले, अजून एक बार काढलेला नाही. "हात लावला का डोळ्यात कळ येते, मिस्त्री. गेलेल्या डोळ्यात. यशोदा म्हणते, पुंडलिक मिस्त्रीनं कस काढून देल्याशिवाय हे माह्या घरात भरू नको. अन् जवारी कणसात आली. डुकरं रातून उभं पीक लोळवतात. पंचशील मी घेतलं, डुकरानं कुठं घेतलं?"

तो हसला. बाबा हसले नाहीत. पूर्वी असल्या बोलण्यावर बाबा मांडीवर थाप मारून हसले असते.

"तानबा, गावात दुसरे लोहार हायेत."

"हायेत. त्याईच्याजवळ विळे शेवटून, धार करून आणतो."

"माह्या हातचा भरोसा राह्यला नाई. तुले तरी कसा राह्यला? आरशात पाह्यत नाई काय तू?"

कसाचा बार. नलू भिंतीला डोकं टेकून बसली होती आणि तो शब्द तिच्या डोक्यात आतून ठासला जात होता, गजानं, हळूहळू. नवी नळी झाली की तिचा कस काढायचा. लोखंडाची पट्टी लाल करून सळईभोवती गुंडाळायची, सांधा सांध्यात ठोकून एकजीव करायचा, आठ-आठ दिवस. पण सांधा आतून धरला की नुसता वरून, ते डोळ्याला कळत नाही. म्हणून एकदा, पहिल्यांदा, दुप्पट दारू भरायची. चिंधीचा बोळा, छर्रे, पुन्हा बोळा, घोड्याखाली टोपी. टिकली तर जन्मभर टिकेल. फुटायची असेल तर करणाऱ्याच्याच अंगणात फुटू दे. दुसरे मिस्त्री बंदूक झाडाला बांधून लांबून दोरीनं चाप ओढत. बाबांच्या घरात तसं नव्हतं. ज्यानं नळी घडवली त्यानंच ती खांद्याला लावायची, घेणाऱ्याच्या डोळ्यांदेखत. आजोबांनी तसं केलं, पणजोबांनी केलं. "झाडाले काय समजते?" बाबा म्हणत. "नळी हासली का कण्हली, झाड सांगते काय?" बार व्हायचा. निंबावरचे पोपट उडायचे. धुरातून बाबा यायचे आणि बंदूक घेणाऱ्याच्या दोन्ही हातांवर ठेवून म्हणायचे, पक्की हाये. त्या दोन शब्दांना पाच कोसांत किंमत होती. आई त्या दिवशी पुरणाचा घाट घालायची आणि बार होईपर्यंत चूल पेटवायची नाही. पाण्यात भिजलेल्या डाळीत हात घालून बसून राहायची. तिचा तो डाळीतला हात नलूला अजून दिसतो. न हलणारा.

आई गेली त्या वर्षी एक नळी कसाच्या बाराला फुटली. लहानशी चीर, घोड्याच्या अलीकडं. लोखंडाचा एक कपचा बाबांच्या कानाची पाळी घेऊन निंबात जाऊन रुतला. बाबा रक्तानं भिजलेली बंडी अंगात घालूनच उभे होते आणि हसत होते, "बरं झालं, खरं बोलली बिचारी." नलूनं ती बंडी विहिरीवर धुतली. पाणी लाल, मग गुलाबी, मग नुसतं पाणी. ती तेव्हा एकोणीस वर्षांची होती, फाल्गुनातलं लग्न ठरलेलं होतं, आणि बंडी पिळताना तिच्या मनात पहिल्यांदा ते आलं: कपचा दोन बोटं आत आला असता तर. फक्त दोन बोटं. आईच्या मागं या घरात एक माणूस उरलं होतं, आणि ते माणूस दर दोन-तीन महिन्यांनी आपल्या हातानं मरणाला गालाशी लावत होतं आणि त्याला रीत म्हणत होतं.

त्यानंतरची बंदूक तानबाची. त्या सकाळी बाबांनी सोरा आणि गंधक नेहमीसारखा डोळ्यानं जोखून पाट्यावर ठेवला आणि ते दस्त्याला तेल लावायला गेले. कोळसा घालणं नलूचं काम. तिनं घातला, नेहमीएवढा. मग वरवंटा हातात घेतला. मग खाली ठेवला. तो क्षण तिनं अकरा वर्षांत इतक्यांदा उलटापालटा केला आहे की आता त्याच्या कडा झिजल्या आहेत, त्यात आपण ठरवलं होतं की नुसता हातच गेला होता, हे तिला सांगता येणार नाही. हात टोपलीत गेला आणि एक ओंजळ वर आली. काळ्यात काळं मिसळलं तर कुणाला दिसतं? कोळसा जास्त झालेली दारू जळते, पण तिचा जोर जातो. हे तिला बाबांनीच शिकवलं होतं, लहानपणी, निखाऱ्यावर दोन चिमटी टाकून. एक फर्र करून उडाली होती, दुसरी फुसफुसत जळत राहिली होती. तिनं ती फुसफुसणारी दारू वाटली, पसरली, वाळवली. गाणं म्हटलं नाही.

दुपारी बार झाला. आवाज झाला, धूर झाला, पोपट उडाले. बाबा धुरात जरा जास्त वेळ उभे राहिले, बंदूक खाली घेऊन. तिला वाटलं, कानाची जखम ठणकली असेल. मग म्हणाले, "पक्की हाये, तानबा." आणि नलू चुलीपाशी धावली आणि तिनं पुरण शिजायला टाकलं, आणि तिला इतकं रडू आलं, सुखाचं, की डाळीत मीठ पडलं की साखर तेही कळलं नाही. आपण कुणाचं काय केलं हे तिच्या मनातही आलं नाही. बाबा जिवंत होते. जग तेवढंच होतं.

पंधरा दिवसांनी, जवारीच्या माळ्यावर, तानबानं दुकानातून आणलेली चांगली दारू भरली. नेहमीएवढीच. नळी घोड्यापाशी उकलली.

नऊ दिवस बाबा तानबाच्या अंगणात जाऊन बसत होते. त्याच्या घरच्या माठातलं पाणी प्यायले. लोहारांच्या घरांतून कुजबुज झाली, कुणी येऊन शुद्धीचं बोललं, तर बाबा म्हणाले, "पाण्यानं बाटतो का मी? मी बाटलो त्याच्या आधीच." दहाव्या दिवशी त्यांनी ऐरण चुलतभावाच्या दारात नेऊन ठेवली. मग नलूचं लग्न, मग आंजीचं घर रिकामं, मग ही बाज आणि ही भिंत. लायसन मात्र त्यांनी टाकलं नाही. दर पौषात कागद खिशात घालून कचेरीत जात, नवा शिक्का घेऊन येत आणि पेटीत ठेवत. एक खिळासुद्धा ठोकत नसत. सुपारी कातरत नसत. दाराची कडी लावून परत येत, बाजेवर बसत आणि मग म्हणत, "नले, पाह्य बरं, कडी लागली का?" ती जाऊन पाही. लागलेली असे. "लागली, बाबा." थोड्या वेळानं पुन्हा. रोज, दोनदा, तीनदा. आपल्या हाताचं केलेलं त्यांना खरं वाटत नव्हतं. आणि प्रत्येक वेळी उठताना, चार पावलं चालताना, कडीला हात लावताना नलूच्या घशाशी ते शब्द येत, बाबा, तुमचा हात चुकला नव्हता. चार पावलं परत येईपर्यंत ते खाली जात. लागली, बाबा. बस इतकंच.

काऊन? का सांगत नाही? तिनं स्वतःला किती वेळा विचारलं होतं, आणि आंजीच्याच बोलीत विचारलं होतं. आधी भीती वाटली ती बाबांच्या डोळ्यांची. मग लग्नाची, सासरची, प्रभाकररावांच्या शांत चेहऱ्याची. मग ती सगळी भीती जुनी झाली, तिचा रंग गेला, आणि तिच्याखाली दुसरी सापडली, आधीपासून तिथंच बसलेली: हे सांगितलं तर बाबा पुन्हा उठतील. हात चुकला नव्हता हे कळलेला मिस्त्री बाजेवर कशाला बसेल? ऐरण मागून आणील. नळी घडवील. आणि खांद्याला लावील. म्हणजे ती अकरा वर्षं बाबांना जिवंत ठेवत होती, त्याच एका ओंजळीनं, पुन्हा पुन्हा. वाळवीच्या वारुळासारखं ते आतून पोखरलेलं जिणं होतं, पण वरून उभं होतं. तिला कधी कधी वाटायचं, या दोन खोल्यांत कैदी बाबा नाहीत. कैदी ती आहे आणि बाबा पहाऱ्यावर बसलेत, तिच्याकडं पाठ करून. आणि आज तानबा आला होता, तीच बंदूक नसली तरी तीच गोष्ट घेऊन: जुनी नळी, दुप्पट दारू, आणि बासष्ट वर्षांच्या माणसाचा खांदा.

बाहेर तानबा चिडला होता. "तुमी काय माह्यावर दया करून राह्यले काय? मी दया मांगाले नाई आलो. डोळा माहा गेला, रडतात तुमी. अकरा वर्सं झाले. मी त्या एका डोळ्यानं दोन पोरी उजवल्या, विहीर खणली, नागपूर पाह्यलं. तुमी दोन डोळ्यानं काय पाह्यलं? ही भित?"

"तानबा."

"नाई, ऐका. यशोदा म्हणे, मिस्त्रीले म्हणजो, तुमची नळी फुटली तं फुटली. लोखंड हाये, देव नाई. पण त्या दिवशी तुमी माह्यासमोर आपल्या खांद्याले लावली होती. आपला जीव आधी ठेवला होता. दुसरा कोण ठेवते? म्हून मले दुसऱ्याचा हात नाई पाह्यजे. लायसन हाये ना तुमच्याजवळ?"

"हाये."

"मंग?"

नलू भिंतीआड उभी राहिली. तिला दिसलं, बाबांनी बाजेवरच अंग वळवलं होतं. किती दिवसांनी त्यांचा चेहरा खिडकीच्या त्या मळक्या उजेडात समोरून दिसत होता. गालाची हाडं वर आलेली, कानाची पाळी तुटलेली. त्यांनी बंदुकीकडं पाहिलं नाही. तानबाच्या पांढऱ्या डोळ्याकडं पाहिलं, आणि पाहतच राहिले. आजपर्यंत तो डोळा त्यांनी टाळला होता. नऊ दिवस अंगणात बसले होते तेव्हाही मान खाली होती.

"जीव आधी ठेवला म्हणतं तू," ते म्हणाले. आवाज खरखरीत होता, न वापरलेल्या कानशीसारखा. "नव्हता ठेवला."

"म्हंजे?"

"त्या बारात जोर नव्हता. दुप्पट दारूचा धक्का कसा येते, मी तीस वर्सं खाल्ला हाये. हाड सरकते. त्या दिवशी आला तो पोराच्या हातच्या बुक्कीएवढा. मले तवाच समजलं. तिथंच, धुरात. दारू कमजोर हाये, कस झालाच नाई, दुसऱ्यांदा भराले पाह्यजे." हात गुडघ्यावर होते, त्यांनी ते उलटे करून पाहिले. "मी नाई भरली. कान ठणकत होता. पोरीचं लगन तोंडावर होतं. भ्यालो, तानबा. पह्यल्यांदा भ्यालो जिंदगीत. मनात म्हटलं, आवाज झाला, लोकाईनं पाह्यलं, कोण विचारते? अन् तुले म्हटलं, पक्की हाये."

तानबाचा चहा बशीत तसाच होता. खाली गल्लीतून कापसाच्या बंड्यांची चाकं वाजत होती, एकामागं एक, आणि कुणीतरी बैलांना शिव्या देत होतं. म्हणजे बाबांना माहीत होतं. धुरात जास्त वेळ उभे राहिले होते ते कानासाठी नाही. कडी लागली का, लागली का, असं जे रोज विचारत होते तो हातावरचा अविश्वास नव्हता. जो माणूस उघडी कडी पाहून लागली म्हणाला होता, तो स्वतःला विचारत होता. आणि ती रोज उठून जात होती आणि त्याला सांगत होती, लागली.

तानबानं विचारलं. रागानं नाही. शेतातलं एखादं रोप का वाळलं ते विचारावं, तसं. "पण दारू कशी कमजोर झाली? तुमच्या घरची दारू. तिच्यासाठी आरवीचे लोक यायचे."

बाबांची नजर क्षणभर, एकच क्षण, अर्ध्या भिंतीकडं आली आणि परत गेली. तेवढ्यात नलूला सगळं कळलं. त्यांनी उरलेली दारू त्याच दिवशी बोटांत चोळून पाहिली असणार. त्यांना ओंजळीसकट माहीत होतं. अकरा वर्षं भिंतीकडं तोंड केलं होतं ते भिंत पाहण्यासाठी नाही. तिच्याकडं पाहावं लागू नये म्हणून.

"जुनी होती," बाबा म्हणाले. "पावसाळ्यातली. ओल धरली असन."

बाबांना खोटं बोलता येत नसे. बोलले की आवाज पातळ व्हायचा, पोरासारखा. तानबानं मान हलवली, हळूहळू, जणू त्याला ते पुरलं. अकरा वर्षांनी माणसाला तेवढं पुरतं. तो घोंगडी पुन्हा गुंडाळायला वाकला. आता तो जाईल, असं नलूच्या मनात आलं. दोन वाजता बंडी निघेल. बाबा भिंतीकडं वळतील. संध्याकाळी प्रभाकरराव घरी येतील. कडी लागेल. ती उठून जाईल, पाहील, सांगेल. उद्याही. तिच्या पोटातून काहीतरी वर आलं, गाणं येतं तसं, ओठांपर्यंत. तिनं ते गिळलं नाही. ती भिंतीआडून बाहेर आली, खोलीच्या मधोमध, दोघांच्या मधे, आणि बाबांनी "नले" म्हणून हात वर केला तरी थांबली नाही.

"जुनी नव्हती, तानबादादा," ती म्हणाली. "त्याच दिवशी सकाळी मी वाटली होती. कोळसा मी जास्त घातला. एक ओंजळ. बाबाले लागू नाई म्हून. तुमाले लागन, हे मले सुचलंच नाई."